रिकामे ताट

आमच्या हर्सूलच्या घरी दिवाळीच्या चार दिवस आधी करंज्यांचा घाट घातला जातो, आणि मुरड घालायला बसले की दरवर्षी माझ्याशेजारी मनातल्या मनात एक चिनी बाई येऊन बसते. वाचकांना हे चमत्कारिक वाटेल. हर्सूलसारख्या गावात राहणाऱ्या, सारा जन्म मुलांना मराठी शिकवण्यात घालवलेल्या म्हातारीचा चिनी बाईशी संबंध तो काय? पण संबंध आहे. इतकी वर्षे तो लिहावा असे वाटले नाही, याचे कारण त्यात माझी बाजू काही चांगली दिसत नाही.

मी नऊ वर्षांची असताना, १९६० साली, मावशीने मला मुंबईला नेले. तिला मूलबाळ नव्हते आणि आईला आम्ही पाच. दोघी बहिणींनी मिळून काय ते ठरवले. मला कुणी विचारले नाही, आणि त्या काळी विचारायची पद्धतही नव्हती. औरंगाबादेहून लहान रुळांची गाडी मनमाडपर्यंत जाई, तिथे मोठ्या गाडीत बसायचे. मनमाडच्या फलाटावर मावशी उगीच गप्प झाली. पाण्याचा तांब्या भरून आणताना एवढेच म्हणाली, "तुझी ताई इथली."

त्याचा अर्थ मला पुढे कळला. १९४८ च्या उन्हाळ्यात, निजामाच्या राज्यात रझाकारांचा धुमाकूळ चालू असताना, आजोबांनी घरातल्या बायकांना हद्दीपलीकडे, म्हणजे इंग्रजांच्या जुन्या मुलुखात, मनमाडला पाठवले होते. आईला दिवस गेलेले. मावशी तेव्हा सोळा वर्षांची, अजून लग्न व्हायचे होते. एका धर्मशाळेच्या ओसरीवर, दोन लुगडी आडवी बांधून केलेल्या खोलीत माझी थोरली बहीण जन्मली. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली आणि सगळ्या परत आल्या. तेव्हा आमच्या शेजारचे एक घर रिकामे झालेले होते. त्या घरातल्या बायकांवर आता पळायची पाळी आली होती, आणि त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. आई या दोन्ही गोष्टींबद्दल जन्मात चार वाक्यांहून जास्त बोलली नाही. ताईला तर 'तू मनमाडची' एवढेच ठाऊक होते, आणि मनमाडला आमचे कुणी नातेवाईक असावेत अशी तिची पुष्कळ वर्षे समजूत होती!

मावशीचे बिऱ्हाड माझगावला होते. काका गोदीत कारकून. चाळ तीन मजली, मधे चौक, आणि चौकाच्या कोपऱ्यावरून नाव ओळखू येत नाही असा कसलातरी समुद्राचा वास. खालच्या मजल्यावर, जिन्याजवळच्या खोलीत एक चिनी कुटुंब राहत असे. नवरा गोदीत सुतार. मोठी मुलगी विशीतली. ती एका केस कापण्याच्या दुकानात बायकांचे केस वळवायला जाई. धाकटी माझ्याच वयाची, माझ्याच वर्गातली. तिचे नाव मी इथे लिहीत नाही. ती अजून आहे, आणि तिला ते आवडणार नाही. तिच्या आईला आम्ही चिनी काकू म्हणत असू.

माझगाव-भायखळ्याच्या बाजूला तेव्हा चिनी माणसे बरीच होती. नवाब टँकच्या रस्त्यावर त्यांचे एक देऊळ आहे, सी यप कून नावाचे, १९१९ साली बांधलेले. सी यप म्हणजे चार तालुके. कँटनच्या दक्षिणेकडच्या चार तालुक्यांतून बोटींवर आणि गोद्यांत कामाला आलेल्या लोकांनी ते उभे केले. बाहेरून पाहाल तर तुमच्या-माझ्या चाळीसारखीच इमारत. जिना चढून वर गेले की लाल रंग, उदबत्त्या आणि क्वान कुंग नावाचा दाढीवाला सेनापती-देव. मैत्रिणीबरोबर मी तिथे दोनदा गेले होते. प्रसाद म्हणून संत्रे मिळाले, त्यामुळे देव आपल्यातलाच असावा असे माझे मत झाले.

हे लोक आले ते प्रथम पुरुषच. बायका मागून आल्या, आणि त्याही पुष्कळशा युद्धाने हाकललेल्या. १९३७ साली जपानने चीनवर मोठी चढाई केली, पुढच्याच वर्षी कँटन पडले, आणि खेड्यापाड्यांतल्या बायका मुले पाठीशी बांधून हाँगकाँगकडे निघाल्या. ज्यांचे नवरे कलकत्त्याला किंवा मुंबईला होते त्यांनी बोट गाठली. चिनी काकू त्यांतलीच. हाँगकाँगही जपान्यांनी घेतले त्याच्या वर्षभर आधी ती मुंबईला उतरली. थोरली मुलगी तेव्हा काही महिन्यांची होती. तिला ज्या कापडात बांधून आणली ते कापड त्यांच्या भिंतीला टांगलेले असे: मधे भरतकाम केलेला चौकोन आणि त्याच्या चार कोपऱ्यांना चार लांब पट्टे. मी ते शोभेचे समजत असे. मावशीने पाहिले तेव्हा मात्र ती पुढे गेली, पट्टा हातात घेऊन खेचून पाहिला आणि मान हलवली. मनमाडहून परत येताना ताईला तिनेच लुगड्याच्या झोळीत घालून आणले होते.

दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती म्हटले तरी चालेल. काकूंचे मराठी म्हणजे 'ताट घे', 'पाणी आला', 'पोरगी कुठे'. पण त्यांची मैत्री जमली ती करंजीवर. कँटनकडे नव्या वर्षाला एक पदार्थ तळतात, त्याला ते याउ गोक म्हणतात. गोक म्हणजे शिंग. पिठाच्या पारीत दाण्याचे कूट, तीळ, साखर आणि खोबरे भरायचे, अर्धचंद्र मिटायचा, कडेला बोटांनी मुरड घालायची आणि तेलात सोडायचे. आता सांगा, ही करंजी नव्हे तर काय? मी मुंबईला गेले त्याच्या आधीपासूनच दोघींचा परिपाठ पडून गेला होता. दिवाळीला मावशीचे फराळाचे ताट खाली जायचे, ते आल्याच्या पाकवलेल्या वड्या घेऊन वर यायचे. जानेवारी-फेब्रुवारीत त्यांचे नवे वर्ष आले की गोकांचे ताट वर यायचे, ते तिळगूळ घेऊन खाली जायचे. रिकामे ताट परत करायचे नाही हा नियम दोघींना न शिकवता येत होता.

चाळीतल्या लोकांचाही त्यांच्यावर राग नव्हता, उलट थोडा अभिमानच होता. सोलापूरचे डॉक्टर कोटणीस १९३८ साली काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांबरोबर चीनला गेले, तिथल्या क्वो छिंगलान नावाच्या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले, आणि १९४२ च्या डिसेंबरात तिकडेच वारले, ही गोष्ट घराघरांत माहीत होती. शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटात जयश्रीबाई त्या चिनी पत्नीच्या वेषात दिसल्या होत्या. चाळीतल्या एक आजी काकूंना पाहिले की त्या चित्रपटातले गाणे गुणगुणत. काकूंना त्यातले काय कळे देव जाणे.

मग १९६२ उजाडले. २० ऑक्टोबरला लढाई सुरू झाली आणि दिवाळी अवघ्या आठवड्यावर आलेली. त्या दिवाळीसारखी दिवाळी मी पुन्हा पाहिली नाही. रेडिओभोवती माणसे उभीच्या उभी. शाळेत बाईंनी नकाशावर तवांग दाखवले. बायका हातातल्या बांगड्या काढून संरक्षण निधीला देत होत्या, दुपारभर जवानांसाठी स्वेटर विणत होत्या. मावशीनेही आपली एक पाटली दिली. पुढे नोव्हेंबरात यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले तेव्हा तर चौकात पेढे वाटले. या सगळ्यात खोटे काहीच नव्हते. सैनिक खरेच मरत होते, लाज खरीच वाटत होती. फक्त त्या लाजेला हाताशी काही सापडत नव्हते, आणि खालच्या मजल्यावर जिन्याजवळ एक खोली होती.

मैत्रीण शाळेत येईनाशी झाली. त्याआधी दोन दिवस ती वर्गात एकटी बसली होती. तिच्या शेजारची जागा माझी होती. मी ती बदलून घेतली होती.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी मावशीने नेहमीप्रमाणे ताट भरले. लाडू, चकली, शेव, चिवडा, वर सात करंज्या. क्रोशाचा रुमाल झाकला आणि म्हणाली, "जा, खाली देऊन ये." काकांनी वर्तमानपत्रातून मान वर केली. मावशी त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "सण आहे." काका पुन्हा वाचू लागले.

जिन्यात तीन मुलगे फटाके सोडत बसले होते. तिघेही ओळखीचे. एकाने विचारले, "कुणाकडे ग?" मी बोलले नाही. दुसरा म्हणाला, "शत्रूला फराळ!" एवढेच. त्यांनी मला अडवले नाही, ताटाला हात लावला नाही. ते पुन्हा फटाक्यांकडे वळले होते. मी खाली जाऊ शकले असते. पण माझे पाय वर फिरले ते गच्चीपर्यंत. पाण्याच्या टाकीमागे मी किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. मग फराळ कावळ्यांना टाकला, उरलेला पन्हाळीत लोटला. सणाचे अन्न! त्यातल्या दोन करंज्या मी खाल्ल्या. सगळ्या प्रकारात मला अजून सर्वांत जास्त लाज त्याची वाटते. ताट परकराला पुसले, रुमालाची घडी घातली आणि घरी आले.

मावशीने ताट पाहिले. "काहीच नाही दिलं?"

"नाही."

"काही म्हणाली?"

इथे मी 'भेटल्या नाहीत' असे म्हणू शकले असते. पण खोटे एकदा बोलू लागले की त्यात रंग भरावासा वाटतो. मी म्हणाले, "दार अर्धंच उघडलं. ताट घेतलं आणि लगेच रिकामं करून दिलं."

मावशी थोडा वेळ उभी राहिली. मग ताट फळीवर ठेवून दिले. "बरं," म्हणाली.

त्या जानेवारीत गोकांचे ताट वर आले नाही. मावशीने त्याचा विषयही काढला नाही. जे मनात धरले होते त्यावर शिक्का बसला, इतकेच.

त्या काळात खालच्या खोलीत काय चालले होते ते आम्हां मुलांना कळण्यासारखे नव्हते. सुतारकाकांना चौकशीला नेऊन आणले होते; मग ठरलेल्या दिवशी चौकीत हजेरी. चिनी लोकांसाठी सरकारने नवे हुकूम काढले होते, त्यांत घर सोडून चोवीस तासांपेक्षा जास्त बाहेर राहायचे तर लेखी परवानगी लागे. मोठ्या मुलीच्या दुकानी बायका येईनाशा झाल्या. तिकडे आसाम, शिलाँग, दार्जिलिंग, कालिंपाँग भागांतून सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना उचलून, कित्येक दिवसांच्या आगगाडीच्या प्रवासाने राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले. त्याच देवळीत इंग्रजांनी १९४०-४१ साली डांगे आणि जयप्रकाशांना ठेवले होते. पण ते निदान राजकारणी होते. यांत लहान मुली होत्या, इथेच जन्मलेल्या, चिनी अक्षरही न येणाऱ्या. गरोदर बाया होत्या. जॉय मा नावाची मुलगी त्या छावणीतच जन्मली. मोठेपणी तिने मुंबईच्या दिलीप डिसोझांबरोबर या लोकांची हकिकत लिहिली. ते पुस्तक २०२० साली निघाले. काहींना बोटींत बसवून चीनला पाठवले, शेवटची माणसे सुटली ती १९६७ साली. लढाई एका महिन्यात थांबली होती. ते पुस्तक वाचताना मला राहून राहून ताई आठवली. एकीला मनमाडची धर्मशाळा, दुसरीला देवळीची छावणी. जन्मगाव म्हणून सांगायची दोन्हींना चोरी.

मुंबईच्या चिन्यांवर देवळीची पाळी फारशी आली नसली तरी कुजबूज त्यांच्यापर्यंत पोचत होतीच. रोज संध्याकाळी काकू दाराला आतून कडी लावीत. एकदा पळालेल्या बाईने पुन्हा बोचके बांधून तयार ठेवले असेल, असे आता वाटते. सात वर्षे दोघी एकाच जिन्याने चढल्या-उतरल्या. भांडण नाही, तंटा नाही. फक्त मान फिरवून जायचे. १९६७ साली कॅनडाने बाहेरच्या लोकांना घेण्याचे नियम बदलले, आणि दोनेक वर्षांत ते कुटुंब टोरांटोला गेले. बोचकी निघाली त्या दिवशी मावशी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. एकच लुगडे तिने तीनदा झटकले.

मी हर्सूलला परतले, नोकरी लागली, लग्न झाले. मावशी १९८७ साली गेली. तिला खरे सांगायची संधी मला पंचवीस वर्षे होती, हे मी सोयीस्करपणे दर दिवाळीला पुढे ढकलीत आले.

२०१८ सालची गोष्ट. आमच्या शाळेच्या जुन्या मुलींनी फोनवर एक कट्टा जमवला आहे. त्यावर एके दिवशी टोरांटोहून मराठीत निरोप आला: 'हर्सूलवाली आहे का कोण?' त्या दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात ती लेकीला घेऊन अजिंठा बघायला आली. अजिंठ्याचा रस्ता आमच्या हर्सूलवरूनच जातो. तेव्हा तो चौपदरी करायला सगळा उकरून ठेवलेला. सकाळी गेलेल्या दोघी धुळीने माखून रात्री आठला परतल्या. मी त्यांना पुढे शहरात जाऊच दिले नाही.

"अगं, तू म्हातारी झालीस की!" ती दारातच म्हणाली. सत्तरीकडे झुकलेली, आखूड केसांची, बुटांतली बाई आणि तोंडात माझगावचे मराठी. तिची लेक चाळिशीची. तिला इंग्रजी येते, आजीचे बोलणे कानाला समजते पण जिभेवर येत नाही, आणि मराठीतले दोनच शब्द ठाऊक: 'चल' आणि 'करंजी'.

सारण भाजून ठेवलेले होतेच. जेवणानंतर परात मधे घेऊन बसलो. लेकीला मी म्हटले, तू नुसती बघ. तिने उत्तर न देता पारी उचलली, सारण भरले आणि मुरड घालू लागली. मी बघतच राहिले. आमच्या आईची मुरड जाड, ठसठशीत, खेड्यातली. मावशीची निराळी होती. दोरीला पीळ द्यावा तशी बारीक, आणि टोकाशी एक उलटा चिमटा. मी मावशीचीच शिकले. टोरांटोच्या पोरीची मुरड तीच, चिमट्यासकट. आजीने शिकवली, म्हणाली. आता मावशीने काकूंची उचलली की काकूंनी मावशीची, हे सांगायला दोघींपैकी एकही उरलेली नाही. मात्र बोलणे बंद झाल्यावरही मावशीने मुरड बदलली नव्हती, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

तेव्हा मग मी सगळे सांगितले. जिना, टाकी, कावळे, अर्धे दार. मैत्रिणीचे हात थांबले. बराच वेळाने ती म्हणाली, "आईनं आल्याच्या वड्या करून डबा भरून ठेवला होता. तीन दिवस तसाच."

"काय म्हणाल्या ग?"

"मी म्हटलं, वर जाऊन बघू का? तर म्हणाली, जायचं नाही. आपण गेलो तर लोक मावशीला विचारतील. नव्या वर्षाला पण तेच म्हणाली."

मी काय बोलणार? आत जाऊन पाणी प्यायले आणि परत आले.

"मी मात्र रागावले होते तुझ्यावर," ती पारी लाटत म्हणाली. "जागा बदललीस म्हणून. ताटाचं मला काय ठाऊक! अजून आहे राग थोडा."

"असू दे," मी म्हणाले.

लेकीने मधेच आईला काय चाललेय ते विचारले. आईने तिला तिच्या भाषेत सगळे सांगितले. बरेच लांबले ते सांगणे. बोचके, हजेरी, बंद दार हे त्या चाळिशीच्या मुलीनेही बहुधा पहिल्यांदाच ऐकले असावे, कारण तिने हातातली करंजी खाली ठेवली. घरात भिंतीला टांगलेले ते चार पट्ट्यांचे कापड ती लहानपणापासून पाहत होती, त्यात मावशीला कुठून कुठे आणले ते मात्र कुणी सांगितले नव्हते. शेवटी तिने मला एकच प्रश्न विचारला: सातांतल्या किती खाल्ल्यास?

"दोन."

त्यावर ती आधी हसली, मग मैत्रीण, मग मी.

सकाळी निघताना मी मावशीचे ताट काढले. तेच पितळी, कडेला पोचे आलेले. त्यात फराळ घालून रुमाल झाकला तर मैत्रीण म्हणाली, विमानात ताट कुठे धरू? शेवटी फराळ डब्यात गेला आणि ताट इथेच राहिले.

गेल्या दिवाळीला तिकडून एक छायाचित्र आले. लेकीची लेक, वय चार, गालाला पीठ, हातात तिची पहिली करंजी. मी चष्मा लावून मोठे करून पाहिले. सारण बाहेर आलेले आहे, पण टोकाशी चिमटा आहे. मुरड तेवढी उलट्या बाजूने पडली आहे. पोर डावखुरी दिसते.